पाचशेचा बाँड आणि बिनसुईची सिरिंज: एक प्रकरण

सोयाबीनचे पैसे हातात आले की लातूरच्या कोर्टाच्या आवारात गर्दी वाढते. वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, अडकलेले फेरफार. त्याच गर्दीत एका दुपारी हे जोडपं माझ्या टेबलासमोर येऊन बसलं. नवऱ्याने पिशवीतून पाचशेचा बाँड काढला. मजकूर टाइप केलेला होता, सह्या बाकी होत्या. "मॅडम, एवढं नोटरी करून पाहिजे," तो म्हणाला. बायको खाली बघत होती.

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. शिवाय आणखी दोन पक्षकारांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेले प्रश्नही याच हकिकतीत घेतले आहेत, कारण अडचण तिघांची एकच होती.

नवरा चौतीस वर्षांचा, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला एका कारखान्यात कायम कामगार. बायको एकोणतीसची, बजाजनगरच्या भाड्याच्या खोलीत शिलाईकाम करते. लग्नाला सात वर्षं झालेली. मूळ गाव औसा तालुक्यात. तिथे तीन भावांची साडेनऊ एकर जमीन सामाईक खात्यात, वडील हयात. दोन वेळा वीर्यतपासणी झाली आणि दोन्ही वेळा शुक्राणू शून्य आले. डॉक्टरांनी दात्याचं वीर्य वापरून आययूआय, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडण्याची प्रक्रिया, करायला सुचवलं आणि नोंदणी असलेल्या क्लिनिकची चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन दोघं क्लिनिकच्या दारापर्यंत गेले, तर बाकड्यावर गावाकडची एक बाई सुनेला घेऊन बसलेली. तिथूनच परत फिरले.

मग घरच्या घरी करायचं ठरलं. नवऱ्याचा मामेभाऊ पुण्यात असतो, त्याला दोन मुलं आहेत, तो तयार झाला. तो बजाजनगरला येणार, निर्जंतुक डबीत नमुना देणार आणि चहा पिऊन निघून जाणार. औषधाच्या दुकानातून आणलेली बिनसुईची सिरिंज आणि ओव्ह्युलेशनच्या (स्त्रीबीज सुटण्याचा दिवस ओळखायच्या) पट्ट्या कपाटात तयार होत्या. परदेशातले व्हिडिओ बघून दोघांनी सगळं पाठ केलं होतं. बाँडवर चार कलमं होती: मामेभाऊ मुलावर कधी हक्क सांगणार नाही, नवरा-बायको त्याच्याकडे कधी खर्च मागणार नाहीत, तिघंही गुप्तता पाळतील, आणि मामेभावाला येण्याजाण्याचा खर्च व मानधन म्हणून पंचवीस हजार रुपये मिळतील.

प्रश्न त्याने दोनच विचारले. हा कागद कोर्टात टिकेल का? आणि कंपनीच्या मेडिक्लेममधून बाळंतपणाचे पैसे मिळतील का?

कागदाचं काय

टिकणार नाही, आणि सगळ्यात आधी बुडवेल ते चौथं कलम. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम २०२१ चा आहे, २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ ने बीजाची, म्हणजे वीर्य किंवा स्त्रीबीजाची, विक्री आणि हस्तांतर थेट असो की आडून, बंद केलं आहे. पैसे देऊन वीर्य घेण्याचा करार म्हणजे कायद्याने मना केलेल्या गोष्टीचा करार, आणि असा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुळातच रद्दबातल. 'मानधन' हा शब्द घातल्याने त्यात काही फरक पडत नाही. कलम ३३ मध्ये बीज विकणं, त्याचा व्यापार करणं, मध्यस्थ लावून दाते मिळवणं यावर बंदी आहे. ती फक्त डॉक्टरांवर नाही, 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द तिथे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड पाच ते दहा लाख, पुन्हा केल्यास तीन ते आठ वर्षं कैद. तुमच्या खोलीवर उद्या पोलीस येतील असं मी त्याला सांगितलं नाही, कारण मला तसं वाटत नाही. पण रक्कम लिहिलेला कागद स्वतःच्या हाताने नोटरीसमोर नेणं म्हणजे पुरावा स्वतःच तयार करून ठेवणं.

"मग पैशाचं कलम काढू," तो म्हणाला.

काढलं तरी मूळ अडचण जागच्या जागी राहते. लोकांची समजूत असते की वीर्य देणाऱ्याने लिहून दिलं की संपलं. प्रत्यक्षात दात्याचे हक्क सुटतात ते त्याच्या सहीने नाही, कायद्याच्या कलम ३१ ने. ते कलम सांगतं की या तंत्राने जन्मलेलं मूल त्या जोडप्याचंच जैविक मूल मानलं जाईल, पोटच्या मुलाला मिळतात ते सगळे हक्क त्याला मिळतील, आणि दात्याचा पालक म्हणून कोणताही हक्क उरणार नाही. एका ओळीत वारसा, नाव, पालकत्व सगळं येतं. मात्र 'जोडपं' या शब्दाची व्याख्या त्याच कायद्यात दिली आहे. जे विवाहित जोडपं अधिकृत क्लिनिककडे किंवा बँकेकडे सेवेसाठी जातं, ते. बजाजनगरच्या खोलीतलं जोडपं त्या व्याख्येत बसत नाही. शरीराबाहेर वीर्य हाताळून ते गर्भाशयाच्या मार्गात सोडणं हे कायद्याच्या शब्दांत तंत्रज्ञानातच मोडतं, म्हणजे बंधनं लागू होण्याची शक्यता आहे. संरक्षण मात्र क्लिनिकच्या दारातून आत गेल्यावरच सुरू होतं. हे विचित्र वाटतं, आणि आहेच.

मामेभावाचा मुद्दा वेगळा. कायद्याप्रमाणे दात्याची तपासणी आणि वीर्याचा साठा नोंदणीकृत बँकेने करायचा असतो. दाता एकवीस ते पंचावन्न वयाचा हवा. त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांची तपासणी हवी. एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला द्यायचं. नातेवाइकाचं किंवा ओळखीच्या माणसाचं वीर्य नको, हे तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतही होतं. त्यामागचं कारण आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीला, लग्नकार्यात, दहाव्याला मामेभाऊ समोर येणारच. त्याच्या बायकोला हे माहीत आहे का, असं मी विचारलं. नवरा गप्प बसला. म्हणजे नव्हतं.

भाऊबंदांची भीती

खरी धास्ती त्याच्या थोरल्या भावाची होती, ती बोलता बोलता बाहेर आली. "उद्या त्यांना कळलं, तर म्हणतील हे आपल्या रक्ताचं नाही, याला जमिनीत वाटा कशाला? मी कुठं काय लपवायलो मॅडम, पण साडेनऊ एकराचा प्रश्न आहे."

इथे मात्र मी त्याला धीर देऊ शकले. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२, सांगतं की वैध लग्न चालू असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच औरस, म्हणजे कायदेशीर लग्नातलं, मूल आहे याचा तो निर्णायक पुरावा. नाकारायचं असेल तर गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करावं लागतं. संधी म्हणजे प्रत्यक्ष संबंध नाही, संधी. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कामती देवी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. एका खोलीत राहणाऱ्या नवरा-बायकोबद्दल थोरला भाऊ ते कसं सिद्ध करणार? शुक्राणू शून्य असल्याचा रिपोर्ट त्याच्या हातात पडला तरी संधी नव्हती असं त्यावरून होत नाही. १९९३ च्या गौतम कुंडू प्रकरणापासून न्यायालयं सांगत आली आहेत की शंका आली म्हणून रक्ततपासणीचा आदेश मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये इव्हान रथिनम प्रकरणातही हाच धागा होता: औरसपणाचं गृहीतक मोडल्याशिवाय बाहेरच्या माणसाला बाप म्हणून कोर्टात उभं करता येत नाही. याचा फायदा मामेभावालाही होतो. बाँडने जे साधणार नाही ते बरंचसं लग्नाने साधतं.

पण एक फट आहे. २०१४ च्या नंदलाल बडवाईक प्रकरणात डीएनए अहवाल आधीच रेकॉर्डवर आला होता. तेव्हा न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञानाला मान दिला आणि त्या पुरुषाला मुलीच्या पोटगीतून सोडवलं. म्हणजे भाऊबंदांपासून भिंत आहे, तिला आतून दार आहे, आणि ते उघडू शकतो फक्त नवरा. उद्या दोघांचं बिनसलं, घटस्फोटाची केस उभी राहिली आणि रागाच्या भरात त्यानेच 'हे माझं नाही' म्हटलं, तर बायकोकडे दाखवायला काय आहे? क्लिनिकमध्ये गेलं असतं तर त्याच्या लेखी संमतीचा फॉर्म असता. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे संबंधितांची लेखी संमती घेतल्याशिवाय क्लिनिक हात लावू शकत नाही. गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते, नंतर नाही. ज्या रेकॉर्डला तो घाबरत होता, तेच रेकॉर्ड त्याच्या बायकोचं आणि मुलाचं कवच होतं. हे मी त्याच्यासमोर असंच बोलले. बायकोने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

लग्नच नसेल, म्हणजे एकटी बाई घरी हा प्रयोग करत असेल, तर ही भिंतही नाही. एकवीस वर्षांवरच्या एकट्या बाईला क्लिनिकमध्ये जाता येतं, आणि तिने तर तिथेच जावं.

परदेशातले व्हिडिओ

नवऱ्याचं म्हणणं होतं की तिकडे किट पोस्टाने घरी येतं, मग इथेच एवढं काय? तिकडचं चित्रही त्याला वाटतं तितकं सरळ नाही. ब्रिटनमध्ये विवाहित जोडप्याने घरी केलं, तर नवऱ्याची संमती नव्हती असं दाखवलं नाही तोवर तोच कायद्याने बाप. पण बाई अविवाहित असेल आणि परवानाधारक क्लिनिकबाहेर झालं असेल, तर वीर्य देणाराच कायद्याने बाप ठरू शकतो. कॅलिफोर्नियात १९८६ च्या एका निकालात मध्ये डॉक्टर नव्हता एवढ्या कारणावरून दात्याला बाप मानलं गेलं. तिकडचा व्हिडिओ तिकडच्या कायद्यावर उभा असतो, आणि बोलणारा माणूस ते सांगत नाही.

त्याच व्हिडिओखाली कोणाचा तरी नंबर मिळाला होता. त्याने फोन लावून बघितला, तर पलीकडचा म्हणाला, "मुलगाच पाहिजे असेल तर तसं सांगा, वेगळा रेट." हे ऐकून माझा पारा चढला. गर्भलिंग निदानाचा १९९४ चा कायदा फक्त सोनोग्राफीपुरता आहे, असं लोकांना वाटतं. त्याच्या कलम ३अ मध्ये बीजावरही लिंगनिवड करायला बंदी आहे. अशी जाहिरात करणं हा स्वतंत्र गुन्हा. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. तो आकडा असाच कोणीतरी कोणालातरी 'वेगळा रेट' सांगत सांगत तयार झालेला आहे.

विम्याचे चार वेगवेगळे प्रश्न

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमची पुस्तिका मी त्याला पुढच्या भेटीला आणायला लावली. 'मिळतील का' या एका प्रश्नात खरं तर चार प्रश्न होते, आणि दर वेळी ते एकमेकांत अडकतात.

प्रक्रियेचा खर्च. तो मिळत नाही, घरी करा की क्लिनिकमध्ये. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळण्यांमध्ये, म्हणजे विमा ज्याचे पैसे देत नाही त्या यादीत, सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे, आणि त्यात कृत्रिम वीर्यारोपणाचं नाव घेऊन उल्लेख आहे. एखादी कंपनी जास्तीचं कव्हर म्हणून देत असेल तर वेगळं. त्याच्या पुस्तिकेत नव्हतं.

बाळंतपण. अठराव्या क्रमांकावर मातृत्व वगळलेलं असतं, पण ग्रुप पॉलिसीत ते बहुतेक वेळा परत आत घेतात. याच्या पॉलिसीत पन्नास हजारांची मर्यादा होती आणि नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर होतं. गर्भ कसा राहिला, हे त्या कलमात कुठेच विचारलेलं नव्हतं. म्हणजे बाळंतपणाचे पैसे मिळायला हरकत नव्हती. घरी वैयक्तिक पॉलिसी असती तर मातृत्वाची प्रतीक्षा मुदत बघावी लागली असती, आणि बाळाला अनेक पॉलिसींत नव्वद दिवसांनंतरच घेतात.

तिसरा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. काही बिघडलं तर? न धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात ढकललं तर जोराचे पेटके येतात, जंतुसंसर्ग होतो. म्हणूनच आययूआयच्या आधी लॅबमध्ये ते धुतात. घरी माणूस योनीमार्गातच सोडतो, पण घाईत कोण कुठवर जाईल सांगता येत नाही. ताज्या वीर्यात आणखी एक धोका असतो. एचआयव्हीची लागण नुकतीच झाली असेल तर पहिली तपासणी ती पकडू शकत नाही. बँका नमुना गोठवून ठेवतात आणि दात्याची पुन्हा तपासणी करतात, ते याचसाठी. आता समजा, बायको ओटीपोटातल्या संसर्गाने दवाखान्यात भरती झाली. डॉक्टरांना खरं सांगितलं तर केसपेपरवर 'घरी वीर्यारोपण' असं येणार, आणि विमा कंपनी सतराव्या वगळण्याकडे बोट दाखवू शकते. खोटं सांगितलं तर उपचार चुकीच्या दिशेने जाणार, आणि क्लेममध्ये खोटी माहिती दिल्याचा ठपका वेगळा. मी त्याला सांगितलं, अशी वेळ आलीच तर डॉक्टरांशी खोटं बोलायचं नाही, क्लेम गेला तरी चालेल. गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेल्या गर्भाचं मात्र वेगळं आहे. मातृत्वाचं प्रमाणित वगळणं त्या खर्चाला लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तिथे भांडायला जागा असते. कंपनीने नाही म्हटलं तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी, आणि त्यानंतर विमा लोकपाल.

चौथा प्रश्न आयुर्विम्याचा. त्याने लग्नाआधी पन्नास लाखांचा टर्म प्लॅन घेतला होता, नॉमिनी वडील. लग्नानंतर बदललेलाच नव्हता! हे आमच्याकडे इतकं सर्रास होतं की मी आता आधी तेच विचारते. नॉमिनी बायको करायला सांगितलं. पुढे नवीन पॉलिसी घेशील तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घे, असंही सांगितलं. कलम ६ प्रमाणे ती रक्कम बायको आणि मुलांसाठी विश्वस्त निधी होते, भाऊ किंवा सावकार तिला हात लावू शकत नाही. फक्त हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडायचा असतो.

इंटरनेटवर त्याने 'डोनरचा विमा सक्तीचा' असं वाचलं होतं आणि मामेभावाचाही काढावा लागेल का म्हणून तो चिंतेत होता. ती सक्ती आहे, पण स्त्रीबीज देणाऱ्या बाईसाठी, बारा महिन्यांची. बीज काढण्याची प्रक्रिया तिच्या शरीरावर होते म्हणून. वीर्यदात्याला ती लागू नाही.

तिचा फोन

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. बाँड फेटाळला, विमा समजावला. शिवाय मृत्युपत्राचा सल्लाही दिला होता: जन्मानंतर मुलाचं नाव घालून लिही, नुसतं 'माझी संतती' नको. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सामाईक जमिनीतला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो.

चार दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला. शिलाई मशीनचा आवाज मागे चालूच होता, बहुधा शेजारच्या बाईने ऐकू नये म्हणून. "मॅडम, तुम्ही सगळं त्यांनाच विचारलं. मला ओळखीचा माणूस नकोच होता. सासूबाई तर आधी धाकट्या दिराचं नाव घ्यायल्या होत्या. मी नाही म्हणाले, म्हणून मग मामेभाऊ काढला."

मला उत्तर सुचलं नाही. दोन भेटींत तिला मी पाणी घेणार का, एवढंच विचारलं होतं. तिच्या गर्भाशयाबद्दलच्या कागदावर मी कलमं मोजत बसले आणि तिचं होय-नाही विचारायचं राहून गेलं. आमच्या धंद्यात जो बोलतो तो पक्षकार, अशी सवय लागते. तिला मी सांगितलं की क्लिनिकमध्ये तुमची सही वेगळी लागते, ती न देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दाता अनोळखी असतो, बँकेतून येतो, सासूबाईंना निवडता येत नाही. "मग तेच बरं," ती म्हणाली. बाकड्यावरच्या गावाकडच्या बाईचं काय, असं मी विचारलं. "ती पण सुनेला घेऊन आलती ना. ती काय सांगणार गावात?"

नवऱ्याला ही गोष्ट सुचली नव्हती. मलाही नव्हती.

पुढे काय झालं

गाव टाळायचं म्हणून त्यांनी दुसऱ्या शहरातलं क्लिनिक गाठलं. फक्त आययूआय करणाऱ्या पहिल्या स्तराच्या क्लिनिकलाही नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, त्याचा फोटो काढून पाठवा, एवढं मी सांगितलं होतं. त्यांनी फोटो पाठवला, त्यात नोंदणी क्रमांक वाचता येत होता. आधार, लग्नाचा दाखला, दोघांच्या संमतीच्या सह्या झाल्या. संमतीच्या फॉर्मची प्रत मागून घ्या, हेही सांगितलं होतं. ती तिने घेतली आणि शिलाईच्या कपड्यांच्या डब्यात ठेवली.

पहिली खेप फुकट गेली. दुसरी फेब्रुवारीत झाली. मार्चमध्ये नवऱ्याचा मेसेज आला, त्यात फक्त नॉमिनी बदलल्याच्या पावतीचा फोटो होता. त्याखाली बायकोच्या नंबरवरून आलेला दुसरा मेसेज: "मॅडम, जन्माच्या दाखल्यासाठी काही वेगळं लागतं का?" काही लागत नाही. इतरांसारखीच एकवीस दिवसांच्या आत नोंद, बापाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव. तसं कळवलं.

बाँड अजून माझ्या खणात आहे. वापरला नसेल तर सहा महिन्यांत मुद्रांकाचे पैसे परत मिळतात का, असं नवऱ्याने मध्यंतरी एकदा विचारलं होतं. अर्ज करता येतो म्हटलं. तो न्यायला आलेला नाही.